कुमुदांचं तळं, चॅटर्टनची मोट आणि राणीपेटचं पिवळं पाणी

चेन्नईच्या ज्या भागाला इंग्रजांनी ट्रिप्लिकेन म्हटलं, त्याचं मूळ नाव तिरुवल्लिकेणी. तिरु म्हणजे श्री, अल्ली म्हणजे कुमुद आणि केणी म्हणजे तळं. पार्थसारथी मंदिराच्या तळ्यावरून सगळ्या वस्तीला हे नाव पडलं. पाण्याचं नाव मिरवणाऱ्या या वस्तीपासून सुरुवात करून मी आज पाण्यात मिसळलेल्या एका विषाची गोष्ट सांगणार आहे. त्या विषाचं नाव क्रोमियम.

मद्रास इलाख्यात कातडं कमावलं जायचं ते मुख्यतः तरवडाच्या सालीने. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्सचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती कृती इथे रुजवली. त्यामागे त्यांचा एक हेतू होता मोटेचा! तमिळ शेतकरी तिला कवलै म्हणतो. सालीने कमावलेलं कातडं सतत भिजून कुजतं, क्रोमचं मात्र पाण्यात टिकतं. म्हणजे क्रोम इथे आलं ते विहिरीचं पाणी वर काढायला. पुढे या धंद्याने असा जम बसवला, की शहराच्या दक्षिणेला क्रोम लेदर कंपनीवरून क्रोमपेट नावाचं उपनगरच उभं राहिलं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. क्रोमियमची दोन रूपं आहेत. कातडं कमावायला लागतं ते त्रिसंयुजी रूप. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि त्याचा विषारीपणाही कमी असतो. पण ते तयार करतात षट्संयुजी रूपापासून. हे दुसरं रूप पिवळं, पाण्याबरोबर सहज वाहत जाणारं आणि कर्करोगकारक. म्हणून भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

तिरुवल्लिकेणीलगतच्या चेपॉक राजवाड्यात अर्काटचे नवाब राहायचे. त्यांच्या जुन्या राजधानीसमोर, पालार नदीच्या पलीकडे राणीपेट आहे. आपल्याला जिंजी म्हटलं की राजाराम महाराज आठवतात. त्याच जिंजीचा नंतरचा राजा देसिंग १७१४ मध्ये लढाईत पडला आणि त्याच्या राणीच्या स्मरणार्थ नवाब सादतुल्लाखानाने हे गाव वसवलं. तिथे १९७० च्या दशकात तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स हा कारखाना सुरू झाला. १९९० च्या दशकात तो बंद पडला, पण मागे लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर राहिला. पाऊस पडला की त्यातलं विष झिरपतं आणि भूजलात उतरतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर भागातल्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात 'प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व ठामपणे मांडलं. निकाल लागला, पण ढिगारा जागचा हलला नाही.

आणि गंमत पाहा, यावरचा एक उपाय त्याच दशकात जपानमध्ये आकार घेत होता. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं, की प्रकाश पडल्यावर टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याचं विघटन घडवू शकतं. हे टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे आपल्या पांढऱ्या रंगातली भुकटी. १९७९ मध्ये योनेयामा आणि सहकाऱ्यांनी अशाच पदार्थांवर प्रकाश टाकून डायक्रोमेटचं रूप पालटलं. प्रकाशाने भुकटीतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, क्रोमियमचा एकेक अणू तीन इलेक्ट्रॉन घेतो आणि सहाचा तीन होतो. विषारी रूपाचं सौम्य रूप होतं. मग पाण्याची आम्लता कमी केली की ते गाळ होऊन तळाशी बसतं.

अडचण अशी, की ही भुकटी फक्त अतिनील किरण वापरते आणि सूर्यप्रकाशात ते थोडेच असतात. शिवाय ती पाण्यातून परत गाळून काढणं कठीण. म्हणून आता तिच्या जोडीला दृश्य प्रकाश शोषणारे पदार्थ घालून सच्छिद्र संमिश्रं बनवतात. धातू-सेंद्रिय जाळ्या हा त्यातला एक प्रकार. त्यांच्या शोधासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा जाळीच्या काही ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला असू शकतो. छिद्रं धातूला धरून ठेवतात आणि प्रकाश त्याचं रूप बदलतो. आर्सेनिकच्या बाबतीत प्रकाश उलट काम करतो. तो त्याच्यातले इलेक्ट्रॉन काढून घ्यायला मदत करतो, म्हणजे ते धरून ठेवणं सोपं जातं.

पण मंडळी, इथेच सावध राहायला हवं. धातू नाहीसा होत नाही, तो फक्त रूप बदलतो. गाळ काढून नीट ठेवला नाही, तर मातीतल्या मँगनीजच्या ऑक्साइडमुळे तेच क्रोमियम पुन्हा विषारी होऊ शकतं. गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही. आणि ढिगारा तसाच राहिला, तर दर पावसाळ्यात नवं विष खाली उतरणार. म्हणून मला वाटतं, आधी ढिगारा उचलायला हवा, मग पाणी धुवायला हवं. हा क्रम उलटा केला, तर सूर्यही पुरा पडणार नाही.

चॅटर्टन यांच्या मोटेने विहिरीतून पाणी वर आणलं. आता त्या विहिरीत उतरलेलं क्रोमियम वर काढायचं काम आपल्या पिढीवर आलं आहे. तुमच्या गावाजवळ असा एखादा बंद कारखाना असेल, तर त्याच्या मागच्या अंगणात काय पडून आहे, ते एकदा विचारून पाहा. भेटू पुढच्या भागात.