भाडेपावती काय सांगत नाही?

समजा, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात तुम्हाला गिरगावातल्या एका चाळीची १९७५ सालची भाडेपावती सापडली. खोलीचं भाडं महिना जेमतेम काही रुपये. तुम्ही वहीत टिपून ठेवता : तेव्हा मुंबईत घर स्वस्त होतं. माझ्याही पहिल्या वर्षाच्या टिपणांत हे वाक्य होतं. ते चुकीचं आहे. का, ते बघू.

गिरण्या वाढल्या तसे लोक मुंबईत आले आणि पैसेवाल्यांनी चाळी बांधल्या. चाळ म्हणजे तेव्हाची गुंतवणूक : एकदा बांधायची, मग दरमहा भाडं घ्यायचं. पहिल्या महायुद्धात टंचाई वाढली तेव्हा १९१८ साली भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं 'प्रमाण भाडे' ठरवलं. त्याचा आधार होता १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं; त्या दिवशी जागा भाड्यानं दिलेली नसेल, तर आधीचं किंवा नंतरचं पहिलं भाडं. भाडेकरूला सहजासहजी काढताही येईना. युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात माणसं लोटत असताना हे संरक्षण गरजेचं होतं, हे विसरू नका.

पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथंच राहिलं. मग जागेची खरी किंमत गेली कुठे? पागडीत. आत येताना भाडेकरू मोठी रक्कम रोख द्यायचा. खोली दुसऱ्याला देताना नव्या माणसाकडून घ्यायचा आणि त्यातला हिस्सा मालकाला पोचायचा. म्हणजे गुंतवणूक थांबली नाही, तिचा मालक बदलला. सातबारा असो वा प्रॉपर्टी कार्ड, नाव मालकाचं. बाजारभावाचा मोठा वाटा मात्र भाडेकरूच्या हातात.

आता संशोधकाची अडचण बघा. १९४७ च्या कायद्यानुसार पागडी घेणं गुन्हा होता. गुन्ह्याची पावती कोण देणार? त्यामुळे कायदेशीर व्यवहार दप्तरात राहिला आणि खरा व्यवहार तोंडी. तो शोधायचा तर कोर्टातले दावे वाचा, जुन्या भाडेकरूंशी बोला, घरच्या हिशेबाच्या वह्या मागा.

याची किंमत इमारतींनी मोजली. त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, मालकानं हात आखडता घेतला. घरं कोसळू लागली, तेव्हा १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आणि त्यासाठी उपकर आला. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तिथला. दरम्यान नवा पैसा भाड्याच्या चाळीऐवजी मालकीच्या फ्लॅटकडे वळला. भाडे कायदा हे त्याचं एकमेव नसलं तरी एक कारण.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं दरवर्षी ४ टक्के वाढ दिली आणि पागडी कायदेशीर केली.

म्हणून पावतीवरचा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. आज पुनर्विकासात 'घर कोणाचं' यावरून भांडणारे दोघंही आपापल्या जागी खरे वाटतात, कारण दोघांनीही त्यात पैसे घातलेत. तुमच्या विषयात असा कागद हातात आला, तर आधी विचारा : हा आकडा इतका कमी किंवा इतका जास्त लिहिणं कोणाला भाग होतं?