कुरकुरणारं चाक, गप्प चाक

तलावाकाठच्या उतारावर एक गाडी उलटी येते. मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी. ट्रेलरची चाकं पाण्यात बुडतात, होडी तरंगते, दोरी सुटते. अमेरिकेत उन्हाळ्यातल्या रविवारी हे दृश्य हमखास दिसतं. पण याच दोन मिनिटांत चाकाच्या आत घात होऊ शकतो.

तासन्‌तास महामार्गावर पळून चाकाचा तुंबा, म्हणजे हब, तापलेला असतो. आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर गेलेली असते. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की उरलेली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ग्रीज दुधाळ होतं, पोलाद गंजू लागतं. बिघाड तिथे दिसत नाही. तो दिसतो पुढच्या एखाद्या प्रवासात, बेअरिंग जाम होऊन चाकच निखळतं तेव्हा.

यामागचं भांडण चाकाइतकंच जुनं आहे. चाक फिरतं, आख स्थिर असतो आणि दोघं एकमेकांना झिजवतात. आपल्या बैलगाडीत यावर उपाय होता तो वंगणाचा. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान खाली उतरायचा, खीळ काढायचा, चाक थोडं बाहेर ओढून आखाला वंगण द्यायचा. गाडी स्वतःच तक्रार करायची आणि माणूस ती ऐकायचा.

वंगणाने घसरणं सोपं होतं. दुसरा मार्ग म्हणजे घसरण्याऐवजी लोळणं. तोही जुनाच. रोमजवळच्या नेमी तलावाच्या तळाशी सम्राट कॅलिग्युलाची दोन प्रचंड जहाजं होती. 1928 नंतर तलावाचं पाणी उपसून ती बाहेर काढली, तेव्हा तिथे फिरत्या लाकडी चौथऱ्याचे अवशेष मिळाले. तो चौथरा काशाच्या गोळ्यांवर फिरत असे. ती जहाजं 1944 साली आगीत जळून गेली.

1794 मध्ये वेल्समधल्या कार्मार्थन गावच्या फिलिप वॉनने गाडीच्या आखासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. पण गोळ्यांची एक अडचण होती. गाडी वळते तेव्हा चाकावर वरून भार येतो, तसा बाजूनेही रेटा येतो. साधं बॉल बेअरिंग तो रेटा नीट पेलत नाही. सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने 1898 मध्ये, भाच्याला सोबत घेऊन, यावर उत्तर शोधलं. गोळ्यांच्या जागी एका टोकाला निमुळते होणारे रोलर. त्यांच्या तिरक्या बसण्यामुळे दोन्ही भार पेलले जातात. होडीच्या बहुतेक ट्रेलरच्या हबमध्ये आजही अशीच दोन बेअरिंगं असतात, आत एक आणि बाहेर एक.

म्हणजे घोडागाडीसाठी जन्मलेली वस्तू आपण आता पाण्यात बुडवतो. म्हणूनच तिची निगा वेगळी राखावी लागते. पाण्यात उतरवण्याआधी ट्रेलर थोडा वेळ उभा ठेवून हब निवू द्यायचे. वर्षातून एकदा तरी हब उघडायचा, जुनं ग्रीज पूर्ण पुसायचं, रोलरवर डाग किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग बदलायचं. नवं, पाण्यात टिकणारं ग्रीज तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरायचं. सील नवं घालायचं. हब हाताने फिरवत नट आवळायचा आणि मग किंचित सैल करायचा. फार आवळला तर बेअरिंग तापतं, फार सैल ठेवला तर चाक डुगडुगतं. शेवटी नटाला पिन घालायला विसरायचं नाही. बैलगाडीची खीळ नाव बदलून इथेही आहेच.

गोळ्या आल्या, रोलर आले, सील आलं. प्रत्येक सुधारणेने चाक हलकं केलं, आणि गप्पही केलं. कुरकुरणाऱ्या आखाकडे दुर्लक्ष करणं गाडीवानाला कठीण होतं. आजचं बेअरिंग बऱ्याचदा आवाज करतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. पूर्वी जे काम कान करायचा, ते आता तारीख लक्षात ठेवून करावं लागतं. आणि वाटेत चहाला थांबल्यावर एकदा हबपाशी हात नेऊन बघावा लागतो, किती तापलाय ते.