गोदाकाठची माती, दर्याकाठची जमीन

साहित्य संमेलनात कोकणची मंडळी भेटली की गप्पा हमखास दर्यावर जातात. कोणाचे आजोबा जहाजावर होते, कोणाच्या घराला उधाणाचे पाणी लागत असे, कोणाची होडी खाडीत उलटली होती. मग कोणीतरी आमच्याकडे वळून म्हणते, "तुम्ही मराठवाडेवाले, तुम्हाला किनारा काय ठाऊक!" मी परभणीचा. पश्चिमेचा समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरवर, पूर्वेचा त्याहूनही लांब. हसून गप्प बसण्याखेरीज बरीच वर्षे माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर सापडले ते गोदावरीत. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. गंगाखेडचे नावही तिच्यावरूनच पडले. ही नदी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. पण सह्याद्रीचा उतार पूर्वेला, म्हणून जवळचा समुद्र पाठीशी टाकून ती १४६५ किलोमीटरची वाट धरते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना लागून ती जाते, नांदेड ओलांडते, तेलंगणातून पुढे आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. या वाटेवर ती पाण्याबरोबर आमची काळी मातीही नेते.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, गंगेच्या पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या करीत. पूर ओसरला की ते पात्रात उतरून आधी वाळू हातात घेऊन बघत. कुठे जाड पडली, कुठे बारीक, कुठे नुसती मळी. जाड वाळू जिथे धार जोरात वाहिली तिथे, मळी जिथे पाणी थबकले तिथे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. साऱ्या जगातल्या नद्यांच्या मुखाशी हाच नियम चालतो. नदी समुद्रात शिरली की तिचा वेग संपतो. जड वाळू मुखाशीच बसते, बारीक माती आणखी आत जाते. समुद्र वाळू आहे तशी पडू देत नाही. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळूला किनाऱ्याच्या कडेकडेने सरकवत नेतात. आंध्रच्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत वाळू उत्तरेकडे जाते आणि हिवाळ्यात वारा फिरला की उलट दक्षिणेकडे. उत्तरेचा जोर जास्त असतो. म्हणजे किनारा ही स्थिर रेघ नाही, तो जमाखर्च आहे. नदीने आणलेले जास्त असेल तर जमीन पुढे सरकते, लाटांनी नेलेले जास्त असेल तर समुद्र आत येतो.

हे आपल्या विद्वानांना हजार वर्षांपूर्वी उमगले होते, याचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येतो. अबू रैहान अल-बिरुनी याने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात डोंगराजवळचे धोंडे मोठे व गोल, पुढे खडे लहान, आणि नदी संथ होऊन समुद्राजवळ आली की नुसती वाळू, असे निरीक्षण आहे. त्यावरून त्याने अनुमान काढले की हा मैदानी मुलूख कधीकाळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने भरत आला असावा. तो बोलत होता उत्तरेच्या मैदानाविषयी. गोदावरीचे मुख त्याने पाहिले असते तरी दुसरे काही लिहिले नसते.

राजमहेंद्रीच्या खाली गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा या मोठ्या फाट्यांत विभागते. त्यांच्यामधला हिरवागार प्रदेश बहुतेक सारा गेल्या सहा-सात हजार वर्षांत नदीने घातलेल्या भरावाचा आहे. जुन्या किनाऱ्यांचे वाळूचे उंचवटे आज समुद्रापासून कित्येक कोस आत, नारळीच्या बागांत सापडतात. हा सारा गाळ आमचा, असे म्हणणे खोटे ठरेल. प्राणहिता, इंद्रावती, शबरी या नद्या खाली पुष्कळ पाणी आणि गाळ आणतात. पण दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीची खूण वेगळी ओळखू येते. २००६ मध्ये गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून गाळाचा एक लांब नमुना काढण्यात आला. त्याच्या अभ्यासातून असे दिसले, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून दख्खनच्या मातीचे प्रमाण वाढत गेले. त्या काळात पाऊस कमी झाला होता, रान विरळ झाले होते, आणि दायमाबादसारख्या वस्त्यांतून शेती पसरत होती. नांगर फिरला त्याची नोंद दूर समुद्राच्या तळाशी झाली. आपल्या तवारिखांत अशी नोंद कुठे मिळणार?

तवारिखांत लढाया मिळतात. सोळाव्या शतकात अहमदनगरचा बुरहान निजामशाह आणि वऱ्हाडचा अलाउद्दीन इमादशाह पाथरीसाठी लढले. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन याचे घराणे पाथरीचे, असे फरिश्ता सांगतो, म्हणून त्या परगण्याचा एवढा आग्रह. दोन सुलतान पाथरीसाठी फौजा झिजवत असताना दर पावसाळ्यात पाथरीची जमीन गुपचूप कुतुबशाहीच्या किनाऱ्याकडे निघाली होती!

त्या किनाऱ्यावर वसिष्ठेच्या काठी नरसापूर हे जहाजबांधणीचे गाव होते. सागवान नदीतूनच खाली येई. शेजारच्या कृष्णेच्या मुखावरील मच्छलीपट्टणमहून गोवळकोंड्याची जहाजे तांबड्या समुद्राकडे जात, त्यांत हाजीही असत. उत्तरेला गौतमीच्या मुखाजवळ कोरिंगा. तिथे जहाजदुरुस्तीची गोदी होती. रंगूनमध्ये तेलुगू मजुरांना 'कोरंगी' म्हणत ते याच बंदराच्या नावावरून. १७८९ आणि १८३९ च्या वादळांनी कोरिंगा झोडपले गेले, हे सगळे सांगतात. पण वादळात बुडालेले बंदर पुन्हा उभे राहते. कोरिंगा उठले नाही, कारण त्याची वाट गाळाने बुजत चालली होती. व्यापार काकिनाड्याला गेला. आज तिथे कांदळवन आहे आणि समोर वाळूची एक लांब जीभ आहे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत ती उत्तरेकडे वाढत पंधरा किलोमीटरहून लांब झाली. चौल-दाभोळचे वैभव गेले त्यातही खाड्यांतल्या गाळाचा हात आहे, हे कोकणच्या स्नेह्यांना मी सांगायला नको.

ही झाली नदी मोकळी असतानाची गोष्ट. पुढे हिशेब उलटला. दवलेश्वरचा बंधारा आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केला. आमच्याकडे पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैठणला १९७६ मध्ये जायकवाडी, पुढे तेलंगणात श्रीरामसागर. मग ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस असे बंधारे आपल्याच जिल्ह्यात आले. धरणाच्या भिंतीपाशी पाणी थबकते आणि नानांच्या नियमाप्रमाणे गाळ खाली बसतो. १९७० ते १९७९ या काळात गोदावरी दरवर्षी सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. २००० ते २००६ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. जमा निम्म्याहून खाली आली, लाटांचा खर्च तेवढाच राहिला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा अनेक ठिकाणी मागे हटतो आहे. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा येथे कोळ्यांची घरे आणि रस्ता समुद्राने तोडला. तिथे वाळूच्या जिभेनेही खालून येणारी वाळू अडवली आहे. दगडांचे बांध घातले, समुद्राने तेही हलवले.

धरणांना दोष देणे मला जमणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना जायकवाडीच्या कालव्याचे पाणी काय आहे ते विचारावे. पण ज्या मातीने तिकडे जमीन झाली असती, ती आता धरणात बसून आपलीच पाण्याची जागा खाते. २०१७ मध्ये शासनाने धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना सुरू केली, ती या दृष्टीने शहाणपणाची. पोयट्याचे मोल शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

वाळूचे मात्र तसे झाले नाही. बंधाऱ्याच्या वर जी पात्रात उरली, ती रात्रीच्या हायवांतून जाते. ती ना समुद्राला मिळते ना आमच्या विहिरींच्या झऱ्यांना. नानांची वाडी होती तिथे आता वर्षातले बरेच महिने बंधाऱ्याचे पाणी असते. उन्हाळ्याच्या शेवटी ते उतरले की मी जाऊन बघतो. पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात रुततो, वाळू लागत नाही.