धारेची वेळ

आमच्या कोडोलीची पोरं शेजारच्या वारणानगरला कॉलेजात जायची. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, राष्ट्रीय सेवा योजना निघाली. नियम असा, की दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. पोरं म्हणायची, "घरात शेण काढतोयच की, तितं आणि कशाला?" तरी शिबिराला जायची, घराबाहेर राहायला मिळायचं. पोरींना नेमकं तेच नडायचं.

निवडणुकांत भावकी शिरायची. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं त्या थांबल्या, वर्गप्रतिनिधी मार्कांवर ठरू लागला. घरच्यांना बरंच वाटलं. धारेच्या वेळेला घर गाठणारा पोरगा आधी मंडळात फिरकतच नसे. आता वर्गात पहिला आला, तर न विचारताच प्रतिनिधी व्हायचा, आणि बैठक सोडून म्हशीकडं पळायचा.