चहाच्या बागेतलं घर

आज आम्ही तुम्हाला फिरायला नेणार आहोत ते थेट अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या गोल्डन गेट पार्कमध्ये. ही बाग हजार एकरांच्या वर आहे. एका टोकाला समुद्र, आत नावा चालवायचं मोठं तळं, आणि एका कोपऱ्यात पाचेक एकरांची जपानी बाग.

१८७० साली इथं नुसत्या वाळूच्या टेकड्या होत्या. लावलेलं रोप वाऱ्यानं गाडलं जायचं. विल्यम हॅमंड हॉल नावाच्या इंजिनिअरकडे काम आलं. सांगतात की घोड्याच्या चंदीतले जवाचे दाणे वाळूत सांडले आणि थोड्याच दिवसांत उगवले. मग त्यानं आधी जव पेरला. त्याच्या मुळांनी वाळू धरली आणि त्याच्या आडोशाला ल्युपिनची झुडपं जगली. ल्युपिन म्हणजे आपल्या कडधान्यांच्याच कुळातलं. ते जमिनीला काय देतं, हे शेतात राबणाऱ्या बायांना आम्ही काय सांगावं!

१८९४ साली इथं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात जपानी खेडं उभारलं होतं. प्रदर्शन उठलं, पण तो भाग राहिला. माकोतो हागिवारा नावाच्या जपानी माळ्यानं तो वाढवला. तिथं जपानी पद्धतीनं चहा मिळायचा, म्हणून नाव पडलं जपानी चहाची बाग. रंगीत मासे सोडलेली तळी, दगडी दिवे, वर्षानुवर्षं छाटून बुटकी ठेवलेली झाडं. एक लाकडी पूल तर इतका उभा, की शिडी चढल्यासारखं चढावं लागतं. खाली पाण्यात त्याची सावली पडली की पुरं वर्तुळ दिसतं. हागिवारांनी यात पदरचा पैसा ओतला. मधली काही वर्षं सोडली तर कुटुंब बागेतच राहायचं. १९२५ साली ते वारले. पुढं मुलगी ताकानो आणि तिची मुलं बाग चालवू लागली.

जमीन मात्र शहराची. आणि त्या काळी जपानहून आलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिक होता येत नव्हतं. १९१३ च्या कायद्यानं तर कॅलिफोर्नियात त्यांना शेतजमीन विकत घ्यायलाही बंदी झाली. कसायचं, पण नाव लावायचं नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आपल्या किती बायांना हे दुखणं ठाऊक आहे!

डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं अमेरिकेवर हल्ला केला. दोनच महिन्यांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला आणि सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले, तिथले नागरिक. हाताला झेपेल तेवढंच सामान न्यायचं. गुन्हा कुणावर शाबीत झालेला नव्हता. ताकानो आणि तिच्या मुलांनाही बाग सोडावी लागली. त्यांचं घर पाडलं. बागेच्या नावातला ‘जपानी’ शब्दही पुसला. आम्हाला विचाराल तर घर पाडण्याइतकंच ते नाव पुसणं लागतं. झाडं त्यांनी लावलेली, तळी त्यांनी सजवलेली, लोक फिरायलाही येतच होते.

लढाई संपली, पण कुटुंबाला बागेत परत घेतलं नाही. जुनं नाव १९५२ साली आलं. जाताना कुटुंबानं दुसऱ्याच्या हवाली केलेली बुटकी झाडं पुढं विकली गेली आणि १९६५ साली एका बाईच्या मृत्युपत्रामुळं बागेत परतली. सरकारची माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर, हा कायदा व्हायला १९८८ उजाडलं. ज्यांचं आयुष्य त्यात गेलं त्यातले कितीतरी तोवर राहिलेच नव्हते.

बागेत गेलात तर दाराजवळची धातूची पाटी पाहा. हागिवारा कुटुंबाचे आभार मानणारी ही पाटी १९७४ ची, रूथ असावा या शिल्पकार बाईनं घडवलेली. तिचे वडील दुसऱ्याच्या जमिनीवर भाजीपाला पिकवायचे. १९४२ साली सोळा वर्षांची रूथ आई आणि भावंडांबरोबर रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या तबेल्यात सहा महिने राहिली होती.