खर्जाच्या तारांखालचा बाक

बेस गिटारच्या फ्रेटबोर्डावर आडवी पट्टी ठेवली की मधला भाग उंच आणि कडा उतरत्या दिसतात. या बाकाची त्रिज्या इंचांत मोजतात. त्रिज्या लहान असेल तर बाक जास्त. मोठी असेल तर बोर्ड सपाटीकडे झुकलेला. कंपाउंड रेडियसच्या बोर्डात ही त्रिज्या नटाकडे, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात तिथे, लहान असते आणि बॉडीकडे जाता जाता वाढत जाते. आज बेस बनवून घेणाऱ्यापुढे प्रश्न असतो, १०-१४ (नटाकडे १० इंच, बॉडीकडे १४) घ्यावा की १०-१६? याचे उत्तर बाकाच्या कुळात आहे, आणि ते कूळ बेस गिटारहून बरेच जुने आहे.

बाक आला गजामुळे. व्हायोलिन, चेलो, डबल बेस यांत गज एकाच तारेला लागायचा तर तारा कमानीत हव्यात. ब्रिज कमानदार, म्हणून त्याच्यापुढचा बोर्डही कमानदार. बोटांनी छेडायच्या स्पॅनिश गिटारला ही गरज नव्हती. तिचा बोर्ड सपाटच राहिला. पण गजाच्या वाद्यांतही एका गोलाईने भागत नाही हे चेलोवादकांच्या लक्षात आले होते. बर्नहार्ड रोम्बर्ग (१७६७-१८४१) या जर्मन चेलोवादकाने सर्वांत जाड सी तारेखालचा बोर्ड सपाट करून घेतला. खर्जाची तार रुंद थरथरते, तिला जागा हवी. डबल बेसवरही ई तारेखाली असा सपाट पट्टा पाहायला मिळतो. बोर्डाचा आकार तारेच्या मागणीप्रमाणे ठरवणारा रोम्बर्ग मला या कथेतला खरा पूर्वज वाटतो.

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणला. स्केल, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंतची तार, ३४ इंच, पडदे असल्यामुळे स्वर नेमका, आणि नावही त्यावरूनच. बोर्डाचा बाक मात्र बेससाठी वेगळा ठरवला नाही. आपल्या इलेक्ट्रिक गिटारची ७.२५ इंचांची त्रिज्याच त्यांनी बेसलाही दिली. गिटारवर ती शोभते: एका बोटाने सगळ्या तारा दाबून कॉर्ड धरताना बोट त्या बाकावर आरामात बसते. बेसवर अशा कॉर्ड क्वचितच धरतात. म्हणजे गज गेला, कॉर्डही गेल्या, तरी बाक वारशाने राहिला.

कंपाउंड रेडियसही गिटारवाल्यांच्याच गरजेतून आला. सतारीवर मींड घेतात तशी तार आडवी ओढली की सव्वासात इंचांच्या बाकावर, वरच्या पडद्यांपाशी, ती मधल्या उंचवट्याला टेकते आणि स्वर विझतो. म्हणून वरचा भाग सपाट हवा. ऐंशीच्या दशकापासून जॅक्सन कंपनीच्या १२-१६ आणि वॉरमथच्या १०-१६ मुळे हा प्रकार रुळला. पुढे फेंडरनेही तो घेतला. २०१९च्या अमेरिकन अल्ट्रा बेसना १०-१४ आहे.

बेसवादक तार फारशी ओढत नाही. म्हणून बेसला कंपाउंड रेडियस म्हणजे निव्वळ मिरवणे, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. बेसला त्याची गरज गिटारपेक्षा जास्त आहे. फक्त कारण वेगळे आहे. चार तारा नटापासून ब्रिजकडे फाकत जातात. फेंडरच्याच जॅझ बेसचा नट दीड इंचाचा. तिथे ई ते जी या कडेच्या तारांमधले अंतर सुमारे ३१ मिमी. ब्रिजपाशी तेच ५७ मिमी, म्हणजे १.८४ पट. कंपाउंड रेडियसचा बोर्ड म्हणजे शंकूचा तुकडा, एकाच त्रिज्येचा म्हणजे नळकांड्याचा. फाकत जाणाऱ्या सरळ रेषा शंकूवर बिनतक्रार बसतात, नळकांड्यावर बसत नाहीत. बोर्डाला आणि ब्रिजला सव्वासातचाच बाक ठेवला, तर बाराव्या पडद्यापाशी कडेच्या तारांखाली बोर्ड ०.१ मिमीच्या आसपास फुगलेला निघतो. ॲक्शन, म्हणजे तारांची बोर्डापासूनची उंची, खाली आणू पाहणाऱ्याला तेवढेही खुपते.

जुन्या दुरुस्ती कारागिरांच्या हातांना हे ठाऊक होते. लांब सरळ पट्टीला सँडपेपर लावून ते प्रत्येक तारेच्या वाटेने पडदे घासत, तेव्हा शंकू आपोआप तयार होई. कारखान्याला नळकांडे सोपे, कारण एका गोलाईचा ठोकळा सरळ फिरवला की काम झाले. शंकूसाठी तिरका झुलता जिग किंवा सीएनसी यंत्र लागते.

आता निवड. तारा किती पट फाकतात तो आकडा नटाच्या त्रिज्येवर चढवायचा, पण पूर्ण नाही, कारण बोर्ड ब्रिजपर्यंत पोचत नाही. विसावा पडदा स्केलच्या ६८.५ टक्क्यांवर येतो. जॅझ बेसच्या अरुंद नटाला नटापाशी १० इंच धरले तर विसाव्या पडद्याशी पावणेसोळा येतात, म्हणजे १०-१६ जवळपास तंतोतंत. मूळ प्रिसिजनचा नट पावणेदोन इंचांचा. त्यावर तारा दीडपटच फाकतात आणि हिशेब साडेतेराच्या थोडा पुढे जातो, म्हणजे १०-१४. नट मोजल्याशिवाय आकडा ठरवू नये. आणि डाव्या हाताला सव्वासातची गोलाई आवडत असेल, तर ७.२५ पासून सुरू होणारा शंकू करून घ्यायला काहीच हरकत नाही. जॅझच्या नटावर तो साडेअकराच्या आसपास संपेल.

शंकू बोर्डाबरोबर संपत नाही, ब्रिजपर्यंत वाढत जातो, आणि सेटअप करताना नेमके हेच राहून जाते. जॅझच्या नटावर १० पासून निघालेली त्रिज्या ब्रिजवरच्या सॅडलपाशी १८ इंचांच्या पुढे गेलेली असते. त्या सपाटीवर मधल्या दोन तारा कडेच्या दोन तारांपेक्षा साधारण पाऊण मिलिमीटर उंच हव्यात. मग ई तार किती वर ठेवायची ते वादकाच्या हाताने ठरवावे. नटाकडचा १० इंची त्रिज्या-गेज तसाच ब्रिजवर धरला तर हा फरक जवळपास दीड मिलिमीटर होतो, कडेच्या तारा बोर्डाला घासू लागतात, त्या उचलाव्या तर मधल्या आणखी उंच जातात, आणि शंकूसाठी मोजलेले पैसे तिथेच वाया जातात.