जुन्या डेस्कटॉपची तापवृद्धी: निदान व निवारण

उष्णता आणि तापमान या संज्ञा व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. प्रस्तुत विवेचनात त्या भिन्न आहेत. उष्णता ही ऊर्जा होय. तिच्या निर्मितीचा दर वॅटमध्ये मोजतात. तापमान ही पदार्थाची अवस्था होय. ते अंश सेल्सिअसमध्ये मोजतात. संगणक जी वीज घेतो तिचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर अखेर उष्णतेत होते, म्हणून उष्णतेची निर्मिती हा दोष नव्हे. त्या उष्णतेचा निचरा होण्यासाठी सीपीयूला विहित मर्यादेहून अधिक तापमान धारण करावे लागणे हा दोष होय. त्यासच येथे तापवृद्धी म्हटले आहे.

जोसेफ फूरिए याने 1822 साली उष्णतावहनाचे गणित मांडले आणि गेओर्ग ओम याने 1827 मध्ये विद्युत्प्रवाहाचा नियम त्याच धर्तीवर रचला. ओमचा नियम शाळेत शिकलेल्या वाचकास त्यामुळे येथे नवे काही शिकावे लागत नाही. विद्युतदाबाच्या जागी तापमानातील फरक, प्रवाहाच्या जागी वॅट आणि रोधाच्या जागी उष्णतारोध घ्यावा. वॅट आणि एकूण रोध यांचा गुणाकार खोलीच्या तापमानात मिळवला की सीपीयूचे तापमान मिळते.

उदाहरणादाखल 2006 ते 2008 या काळातील कोअर टू ड्युओ जातीचा डेस्कटॉप घेऊ. या जातीच्या बहुतेक डेस्कटॉप सीपीयूंची निर्धारित उष्णतानिर्मिती 65 वॅट आहे. एकूण रोध प्रति वॅट 0.6 अंश असेल, तर 28 अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली तापमान 67 अंश होईल. कालांतराने रोध 0.9 झाला, तर तेच 86.5 होईल, आणि विदर्भात मे महिन्यात खोली 42 अंशांवर गेली, तर गणिताने 100.5. प्रत्यक्षात तेथे पोहोचण्याच्या सुमारास सीपीयू आपला वेग स्वतःच उतरवतो आणि तरीही तापमान चढत राहिल्यास यंत्र बंद होते. हिवाळ्यात निर्वेध चालणारे यंत्र उन्हाळ्यात हँग होऊ लागले, की दोष उन्हाळ्यावर ढकलला जातो. वस्तुतः दोष पूर्वीपासून असतो. उन्हाळा तो केवळ प्रकट करतो.

वरील समीकरणात पदे तीन आहेत. म्हणून मापनातील चूक वगळता तापवृद्धीची कारणेही तीनच संभवतात: (1) खोलीचे तापमान वाढणे, (2) वॅट वाढणे, (3) रोध वाढणे. पहिले कारण उघड आहे. दुसऱ्याची परीक्षा सोपी आहे: कोणतेही काम चालू नसताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर अधिक दिसत असेल, तर तो करणारा प्रोग्रॅम प्रथम शोधावा. ही दोन्ही कारणे निरस्त झाल्यावर तिसरेच उरते, आणि जुन्या यंत्रांत बहुधा तेच असते. जुना सीपीयू नवा असताना देत होता त्याहून लक्षणीय अधिक उष्णता देत नाही. बदललेला असतो तो उष्णतेचा मार्ग.

या मार्गाचे चार टप्पे पडतात: (अ) सीपीयूच्या धातूच्या झाकणापासून त्यावर बसवलेल्या हीटसिंकच्या (पात्यांच्या धातुखंडाच्या) तळापर्यंतचा संपर्क, (आ) तळापासून पात्यांपर्यंतचे वहन, (इ) पात्यांपासून कॅबिनेटमधील हवेपर्यंतचे संक्रमण, (ई) कॅबिनेटमधील हवेचे खोलीत निष्कासन. पैकी (आ) विचारातून वगळता येतो, कारण भरीव धातूची वाहकता वर्षांगणिक घटत नाही. शेष तिन्ही टप्पे जीर्ण होतात.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवल्याविना उपचार करू नये. कॅबिनेटला आणखी एक पंखा जोडण्याची पद्धत सर्वत्र आढळते, परंतु त्या पंख्याने (अ) मधील रोध यत्किंचितही कमी होत नाही. निदानाची किल्ली कालमानात आहे. सीपीयूवर पूर्ण भार टाकावा आणि तापमानाची नोंद सेकंदागणिक पाहावी. काही अंशांची तात्काळ उडी निर्दोष यंत्रातही असते. मात्र पहिल्या काही सेकंदांतच तापमान 25-30 अंशांनी उसळत असेल, भार काढताच तितक्याच वेगाने उतरत असेल आणि हीटसिंक मात्र कोमटच राहत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. दोष (अ) मध्ये आहे. तापमान दहा-पंधरा मिनिटे संथपणे चढत असेल आणि हीटसिंकही तापत असेल, तर दोष पुढे आहे. अशा वेळी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान स्पष्टपणे उतरले तर दोष (ई), न उतरल्यास (इ).

(इ) मधील दोष म्हणजे बहुधा धूळ. ती हीटसिंकवरील पंख्याच्या खाली, पात्यांच्या वरच्या तोंडाशी नमद्यासारखी साचते आणि पंखा काढल्याविना दिसत नाही. यंत्राची वीज तोडून ब्लोअरने ती उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा अतिवेगाने फिरून बेअरिंग बिघडते. स्वच्छतेनंतरही पंखा घरघरत असेल किंवा बायोसमध्ये त्याची गती कमी दिसत असेल, तर तो बदलावा.

(ई) चे गणित असे: एक घनमीटर हवा एक अंशाने तापण्यास सुमारे 1200 जूल लागतात. कॅबिनेटमध्ये एकूण 150 वॅट निर्माण होत असतील आणि सेकंदाला 10 लिटर हवा वाहत असेल, तर ती हवा 12.5 अंशांनी तापते. जाळी तुंबून प्रवाह निम्मा झाला की 25 अंशांनी. पुढील जाळी मोकळी करणे, केबल बाजूस बांधणे आणि मागील पंखा हवा बाहेरच फेकतो याची खात्री करणे, एवढाच उपचार आहे.

(अ) अधिक सूक्ष्म आहे. दोन धातुपृष्ठे कितीही गुळगुळीत दिसली तरी ती मोजक्या बिंदूंवरच टेकतात. मधल्या पोकळीत हवा असते, म्हणून ती थर्मल पेस्टने भरतात. प्रति मीटर प्रति अंश वाहकता तांब्याची सुमारे 400 वॅट, हवेची 0.026, थर्मल पेस्टची साधारण 4 ते 8. पेस्ट हवेहून शेकडो पटींनी सरस, पण तांब्याहून कित्येक पटींनी निकृष्ट. म्हणून ती केवळ पोकळी भरण्यापुरतीच असावी. जाड थर हा स्वतःच रोध होय. काही वर्षांत पेस्ट सुकते आणि तडकते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. हीटसिंक काढण्यापूर्वी यंत्र काही मिनिटे चालवून, मग वीज तोडून, पेस्ट उष्ण असतानाच ते हलकेच पिळून सोडवावे. एएमडीच्या जुन्या पिनांच्या सीपीयूंमध्ये ओढल्यास सीपीयू सॉकेटमधून उपटून येण्याचा संभव असतो. इंटेलच्या 775 सॉकेटवरील हीटसिंक चार प्लास्टिक पिनांनी बसते. त्या कर्णरेषेत समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात आणि चारही अडकल्या आहेत हे मदरबोर्डच्या मागून तपासावे. एक पिन सुटी राहिली तर उत्तम पेस्टही निरुपयोगी ठरते.

सॉकेटभोवतीचे कपॅसिटर फुगलेले आढळल्यास मात्र ही दुरुस्ती पुरेशी नाही. तेथे मदरबोर्डच बदलावा लागतो किंवा कुशल कारागिराकडून कपॅसिटर बदलून घ्यावे लागतात. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कदापि उघडू नये, कारण वीज तोडल्यावरही त्यातील कपॅसिटर घातक विद्युतभार धरून ठेवतात.

दुरुस्तीनंतर पूर्ण भाराखालील तापमान, त्या वेळचे खोलीचे तापमान आणि दिनांक कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतील बाजूस चिकटवावा. पुढील परीक्षणात दोन्ही तापमानांतील फरकाची तुलना या नोंदीशी करावी. तो दहा अंशांहून अधिक वाढलेला आढळल्यास परीक्षण (अ) पासून पुन्हा आरंभावे.